गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात वैशाख पौर्णिमेला जायचं आहे, पण वाचायचं काय?

म्हापशाची बाई:

जय भीम, नमो बुद्धाय, आणि यातलं काहीच न म्हणणाऱ्यांना साधा नमस्कार.

मी सरकारी मराठी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. म्हापशात आमचा छोटासा गट आहे. रविवारी संध्याकाळी एकाच्या गच्चीवर जमतो. त्रिसरण-पंचशील होतं, कुणीतरी चार पानं वाचतं, मग चहा आणि गावगप्पा. बहुतेक जण सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, बेळगाव या भागांतून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. कोणी कदंबात (सरकारी बससेवेत), कोणी वीज खात्यात, दोघीजणी इस्पितळात. भाषण ठोकणारा आमच्यात एकही नाही, हे आमचं भाग्यच म्हणायचं.

यंदा वैशाख पौर्णिमेला कोलवाळच्या तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर काही वेळ घालवावा असं ठरलं. अर्ज केला. तपशील द्या, असं उत्तर आलं: कोण बोलणार, विषय काय, किती माणसं, बरोबर काय आणणार. आणि तिथेच आमचं घोडं अडलं.

एकाचं म्हणणं, मूर्ती न्यावी, बाबासाहेबांची तसबीर न्यावी, बावीस प्रतिज्ञांच्या पुस्तिका वाटाव्यात. दुसरा म्हणतो, तोंड बंद ठेवा, तासभर आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, करून घ्या आणि या. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणतात, जाऊच नका, आपल्या पोरांना सुट्टीत काय शिकवायचं ते बघा.

वाचायला मी दोन गोष्टी काढून ठेवल्यात. एक अंगुलिमालाची कथा, माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा आणि पुढे भिक्खू झालेला तो दरोडेखोर. दुसरी धम्मपदातली ३४५वी गाथा, ‘न तं दळ्हं बन्धनमाहु धीरा’. भिक्खू श्रावस्तीत भिक्षेला गेले असता त्यांना साखळदंडांत जखडलेले कैदी दिसले. परत येऊन त्यांनी भगवंतांना विचारलं, याहून घट्ट बंधन असतं का? त्यावरची ही गाथा. प्रसंगच तुरुंगाचा, म्हणून मला चपखल वाटली. पण वाचून दाखवल्यावर गच्चीवर दोघांचे चेहरे पडले. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि खरं तर मी तेवढ्यासाठीच लिहायला बसले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अबोलीच्या फाती (गजरे) विकणारी एक बाई आहे. तिचा मुलगा तिसरीत माझ्या वर्गात होता. अक्षर सुंदर, पाढे शून्य. तो आत आहे. मोबाईल चोरीची केस. आईचं म्हणणं, ‘जामीन जालो म्हणटात, पूण सोडिनात.’ आम्ही जाणार हे तिला कुठूनतरी कळलं. आता दर शुक्रवारी मला म्हणते, बाई, त्याला बघून या.

तर मला सांगा: काय वाचू? काय नेऊ? आणि तो मुलगा समोर बसलेला असला तर मी काय करू?

---

डिचोलीकर:

बाई, नमस्कार. मी कदंबाचा कंडक्टर. निवृत्त झाल्यावर एका तुरुंगात महिन्याच्या महिन्याला जाऊ लागलो, अजून जातो. कुठला तुरुंग ते लिहीत नाही. गोवा केवढा, तुम्हाला माहीत आहेच.

आधी गाथेचं. ३४५ वाचू नका. गाथा खोटी नाही, पण ती कोणाला सांगितली ते बघा. लोखंडाची, लाकडाची, दोरीची बेडी शहाण्यांच्या मते घट्ट नव्हे, दागदागिने आणि बायकामुलांची ओढ हीच घट्ट बेडी, असं ती म्हणते. ऐकणारे होते भिक्खू. ते स्वतःच्या पायांनी घर सोडून आलेले. तुमच्यासमोर बसणार आहे तो घरातून उचलून आणलेला. त्याची पोरगी मुलाकातीला येते तेव्हा तो दाढी करून, शर्टाला हाताने इस्त्री केल्यासारखी घडी पाडून बसतो. ती ओढ आहे म्हणून तो रात्री जेवतो. तुम्ही त्याला सांगणार की बाबा, तुझी खरी बेडी तीच? चेहरे पडले ते उगाच नाहीत. आणि त्याच्या पायात जे आहे ते घट्ट नव्हे, हे आपण गेटाबाहेर चहा पिणाऱ्यांनी म्हणायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

त्याऐवजी १७३वी घ्या. ‘यस्स पापं कतं कम्मं, कुसलेन पिधीयति, सो इमं लोकं पभासेति, अब्भा मुत्तोव चन्दिमा.’ ज्याचं वाईट कर्म चांगल्या कर्माने झाकलं जातं तो ढगांतून सुटलेल्या चंद्रासारखा या जगाला उजळतो. थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, अंगुलिमालाच्या तोंडी हीच गाथा आहे, म्हणजे तुमच्या दोन्ही गोष्टी जुळतात. पौर्णिमाही साधते.

तरी तीसुद्धा जपून. ‘पापं कतं’ म्हणताना बोट श्रोत्यांकडे जाता कामा नये. २०२२च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारांतले तीन. त्यांनी गुन्हा केला असं अजून कोर्टानेही म्हटलेलं नाही, मग आपण कोण लागून गेलो?

आता अंगुलिमाल. सांगा, जरूर सांगा. पण आपले कीर्तनकार सांगतात तसा नको. बोटांची माळ, जंगल, ‘मी थांबलो आहे, तू थांब’ यावर पाऊण तास आणि मग प्रव्रज्या घेतली, भिक्खू झाला, की टाळ्या. आतल्या माणसाला टाळ्यांनंतरचं ऐकायचं असतं. मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहात ८६वं सुत्त आहे, त्याचा उत्तरार्ध वाचा. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो, वाटेत भगवंतांकडे थांबतो. भगवंत विचारतात, अंगुलिमाल मुंडण करून, काषाय वस्त्र नेसून, शीलाने राहताना दिसला तर काय करशील? राजा म्हणतो, वंदन करीन, चीवर देईन, भोजन देईन. भगवंत हात करून दाखवतात, तो बघ तिथे बसलाय. राजाच्या अंगावर काटा येतो.

हे वाचलं आणि एकाने मला मध्येच थांबवलं. ‘काका, त्याक राजान सोडलो. म्हजी तारीख फुडें वता. म्हजो राजा खंय?’ (माझी तारीख पुढेच जाते, माझा राजा कुठे?) सगळे हसले, मीही हसलो, आणि पुढचं पान वाचलं. कारण पुढच्या पानावर अंगुलिमाल भिक्षेला श्रावस्तीत जातो आणि कुणी ढेकूळ मारतं, कुणी काठी, कुणी दगड. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, संघाटी (अंगावरचं वस्त्र) फाटलेली, असा तो परत येतो. भगवंत त्याला म्हणतात, सोस. लोकांना समजवायला ते जात नाहीत, राजाकडे तक्रारही करत नाहीत. राजाने सोडलं तरी गाव सोडत नाही, हे त्या सुत्तात लिहिलेलं आहे. ते वाचून झाल्यावर तिथे कुणी हसत नव्हतं, पण ऐकत सगळे होते.

आणि त्या बाळंतिणीचा प्रसंग गाळू नका. अडलेली बाई बघून अंगुलिमाल कळवळतो. भगवंत म्हणतात, जाऊन तिला सांग, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझं कल्याण होवो. तर हा काय म्हणतो? भन्ते, हे धडधडीत खोटं होईल, मी पुष्कळांचे जीव घेतलेत. मग भगवंत वाक्य बदलून देतात: आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून. माझ्या मते सगळ्या सुत्तातली सगळ्यात मोठी जागा हीच. ज्याने एवढी माणसं मारली त्याला खोटं बोलवत नाही, आणि गुरूही त्याचा आक्षेप मान्य करतात. इथे मी काही समजावत नाही, पान उलटतो.

मूर्ती नेऊ नका. तपासणीत ती कुणाच्या हातात कशी जाईल, पुढे कुठल्या कपाटात पडेल, याचा भरवसा नाही. आणि कोलवाळला बुद्धमूर्तीचं नवल ते काय! त्याच गावच्या मुशीर वाड्यावर १९३० मध्ये इतिहास-संशोधक फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, आता ती मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजच्या संग्रहालयात आहे. हे मात्र तिथे सांगा. बार्देशातल्या पोरांनाही माहीत नसतं. ‘आमगेल्या कोलवाळांत?’ म्हणून दोन माणसं तरी मान वर करतील. रिवणची लेणी, लामगावची लेणी, सांखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी हेही आलंच. कोसंबी तर मिठाच्या सत्याग्रहात स्वतः तुरुंगात जाऊन आलेले.

पुस्तिका वाटू नका, तुरुंगाच्या ग्रंथालयाला द्या, पोचपावती घ्या. ज्याला हवं तो मागून वाचेल. तुम्ही दोन तासांत बाहेर पडणार. मागे ‘ह्यांच्या धर्माचा तो झाला का’ यावरून बराकीत काही सुरू झालं तर ते निस्तरायला तुम्ही तिथे नसणार.

मुलाचं. कार्यक्रमात त्याच्याशी ओळखीचं काही बोलू नका. बाकीच्यांकडे बघून जेवढं हसाल तेवढंच त्याच्याकडे बघून. त्याला भेटायचं तर त्याच्या आईबरोबर रीतसर मुलाकातीला जा, वेगळ्या दिवशी. तिथे तुम्ही त्याच्या बाई. कार्यक्रमात तुम्ही सगळ्यांच्या.

आणि एक. पुढची तारीख नक्की झाल्याशिवाय ‘परत येऊ हं’ म्हणू नका. आत सगळं तारखेवर चालतं. माणसं भिंतीवर दिवस मोजतात. तुम्ही सहज बोलून जाल, तो धरून बसेल. महिन्यातून एकदा दोघंच जा, पण न चुकता जा. पौर्णिमेला पंधरा जण, हार आणि फोटो, आणि मग पुढच्या पौर्णिमेपर्यंत पत्ता नाही, याला मी सहल म्हणतो.

---

साधक मडगाव:

आनापानाविषयी थोडं. जयपूरच्या तुरुंगात १९७५ मध्ये विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजींनी तुरुंगातलं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा राजस्थानचे गृहसचिव राम सिंह स्वतः साधक होते. तिहारमध्ये एप्रिल १९९४ला हजारावर कैद्यांचं शिबिर झालं, किरण बेदी तिथे महानिरीक्षक असताना, आणि त्यानंतर तिहारच्या आतच कायमचं केंद्र झालं. पण ही सगळी दहा-दहा दिवसांची, मौन पाळून, प्रशिक्षित आचार्यांच्या देखरेखीखालची. तासाभरात ‘विपश्यना देतो’ म्हणून कुणी जाऊ नये. डोळे मिटल्यावर आत काय उसळेल सांगता येत नाही, आणि तुम्ही तर निघून जाणार. दहा मिनिटं श्वास बघायला सांगा, डोळे उघडे ठेवून बसले तरी चालेल म्हणा, शेवटी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो ही भावना. बस्स.

---

नाव नको:

मी आत होतो. किती आणि कशासाठी ते सोडा.

डिचोलीकरकाकांनी बरंच लिहिलंय. मी उरलेलं लिहितो.

कार्यक्रमाला येणारे सगळे धर्म ऐकायला येत नाहीत. बराकीतून दोन तास बाहेर निघायला मिळतं, पंखा बरा असतो, बाहेरच्या बायका-माणसांचे कपडे बघायला मिळतात. त्यात वाईट काही नाही. म्हणून शेवटी ‘कोणाला काय वाटलं सांगा’ करू नका. तुम्हाला आवडेल तेच बोलायला आम्ही शिकलेलो असतो.

‘खंयचो रे तूं?’ (कुठला रे तू?) विचारू नका. आपल्याकडे हा प्रश्न तोंडातून आपोआप येतो, गाव सांगितलं की वाडा, वाडा सांगितला की आडनाव, की मग ‘म्हणजे अमक्याचा?’ घरच्यांनी शेजाऱ्यांना मुलगा दुबईला आहे असं सांगितलेलं असतं.

कोणी रडायला लागला तर सगळ्यांसमोर पाठीवरून हात फिरवू नका. न बघितल्यासारखं करा, वाचत राहा. नंतर बराकीत त्याची नक्कल होते, आठवडाभर.

घड्याळ बघू नका. आम्हाला दिसतं.

बाहेर कधी बाजारात, बसस्टँडवर दिसलो तर आधी ओळख दाखवू नका. आम्ही दाखवली तर दाखवा. मला एका गृहस्थांनी पणजीच्या स्टँडवर भर गर्दीत ‘अरे तू आत होतास ना, सुटलास? वा!’ म्हणून मिठी मारली होती. प्रेमाने मारली. मी ती बस सोडून दिली.

आणि गाणं म्हणा. कुठलंही. वाचन विसरतात, चाल राहते.

---

काणकोणकर:

सगळं वाचलं. कोणाला बोचलं तर बोचू दे.

माझ्या धाकट्या भावाला हमरस्त्यावर दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याने उडवलं. त्याचं नुकतंच लग्न ठरलेलं. पुण्यानुमोदनाला सगळी मंडळी आली. भन्तेजी आले, अनित्य आहे म्हणाले, जेवणं झाली. त्यानंतर आमच्या आईकडे कोण आलं? कुणी नाही. कोर्टाच्या तारखेला मी आणि वडील, दोघंच. गाडीवाल्याच्या बाजूने मात्र प्रत्येक वेळी गाडीभर माणसं.

मला अंगुलिमाल ऐकवू नका. मी ते सुत्त वाचलेलं आहे. त्याच्या हातून जे मेले त्यांच्या घरचे त्या सुत्तात कुठे आहेत, कोणी सांगेल? मी शोधले. मला वाटतं, ते ढेकळं मारणारे तेच आहेत. त्यांना नाव नाही, त्यांचं म्हणणं नाही, फक्त दगड आहेत.

तुरुंगात जा, मी अडवत नाही. पण करुणेचा कार्यक्रम दरवेळी गेटाच्या आतच का होतो?

---

डिचोलीकर:

काणकोणच्या ताई, ढेकळं मारणाऱ्यांविषयी असा विचार मी कधी केला नव्हता. आता ते पान मला पूर्वीसारखं वाचता येणार नाही.

एक जोडतो. तुमचं समाधान व्हावं म्हणून नाही, ते त्याच पिटकात आहे म्हणून. विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्गात आहे की अंगुलिमालाला भिक्खूंत बघून लोक घाबरले, पळाले, वाटा बदलू लागले, आणि उघड बोलू लागले की हे शाक्यपुत्रीय श्रमण (बुद्धाचे भिक्खू) असल्या कुख्यात चोराला प्रव्रज्या देतातच कशी. ते भगवंतांच्या कानावर गेलं आणि त्यांनी नियम केला: असल्या नामचीन चोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये. त्याच्या लगेच पुढचा नियम, तुरुंग फोडून पळालेल्यालाही देऊ नये. म्हणजे लोकांचं ऐकलं गेलं. अंगुलिमालाला मात्र त्यांनी बाहेर काढलं नाही.

गेटाबाहेरच्या कार्यक्रमाचं म्हणाल तर तुमचा मुद्दा खरा आहे. आत जायला अर्ज लागतो, शिक्का लागतो, फोटो पेपरात येतो. तुमच्या घरी यायला यातलं काहीच लागत नाही, म्हणून कुणी येत नसावं.

---

वकील फोंडा:

उशिरा वाचतोय. बाकी चर्चेत पडत नाही. बाईंच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर मी अडकलो: ‘जामीन जालो म्हणटात, पूण सोडिनात.’ त्यावर इथे कोणीच काही लिहिलं नाही, कमाल आहे.

बाई, जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं यांच्यामध्ये जामीनदार नावाचा डोंगर असतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या फुलवालीला जामीनदार कोण होणार? अशा केशींसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ला स्पष्ट निर्देश दिलेत. जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. प्राधिकरण आपला माणूस पाठवून अडचण काय ते बघू शकतं. एक महिना उलटूनही जामीनपत्र भरता आलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा, ही अट सुटका लांबण्याचं एक मोठं कारण आहे, न्यायालयांनी ती लादू नये, असंही त्याच निर्देशांत आहे.

पैशाची अडचण असली तर २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. अंमली पदार्थांच्या केशींना ती लागू नाही, चोरीच्या केशीला ही अडचण नाही.

वकील परवडत नाही हा प्रश्नच येत नाही. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला १९८७च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते कोणी विचारत नाही. फोन १५१००. आणि पोरगा पहिल्यांदाच अडकला असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ही बघायला हवं: कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडायचं असतं. त्याच्यावर आणखी केशी असतील तर मात्र ते लागू होत नाही.

तुमच्या विषयात थोडं नाक खुपसतो. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या, म्हणजे धम्माचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कामांची यादी आहे, त्यात कैदीही येतात. कोणत्या कैद्यांकडे आधी बघायचं? ज्याला मुलंबाळं आहेत, जो म्हातारा झालाय, ज्याच्यावर कोणी करणी केलीय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचताना मला तर जामीनअर्जाचा तिसरा परिच्छेदच वाटतो. करणी सोडली तर आजही आम्ही हेच लिहितो.

अजून एक, जय भीमवाल्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४च्या निकालाने तुरुंगात जातीवरून काम वाटून द्यायला बंदी आली, नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. तुम्हाला तिथे विषय मागितलाय ना? हासुद्धा विषय होतो.

---

म्हापशाची बाई:

सगळ्यांचे आभार. गच्चीवर हे सगळं मोठ्याने वाचलं, चहा गार झाला.

३४५ रद्द. १७३ आणि सुत्ताचा उत्तरार्ध, बाळंतिणीसकट. अर्जात विषय ‘कथावाचन’ एवढाच लिहिलाय. मूर्ती नाही, पुस्तिका ग्रंथालयाला. पाच जण जाणार, त्यांतले दोघं पुढे दर महिन्याला जातील असं त्यांनीच कबूल केलंय. त्यात ‘जाऊच नका’ म्हणणारे आमचे वडीलधारे आहेत. मी कारण विचारलं नाही. गाणं आमची परिचारिका म्हणणार, तिचा आवाज चांगला आहे आणि तिला ते माहीत आहे.

नाव नको, तुमच्या सूचना मी एका कागदावर उतरवून सगळ्यांना दिल्यात. ‘खंयचो’ची सवय जायला वेळ लागेल.

काणकोणच्या ताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. आईंना आवडणार नसेल तर नाही म्हणा, आम्ही समजू. आवडणार असेल तर आम्ही तिघी येऊ, वाचायला काही आणणार नाही. कोर्टाची पुढची तारीख कळवलीत तर त्या दिवशी आमच्यातले दोघं तिथे येऊन बसतील.

वकीलसाहेब, शुक्रवारी बाजार उठल्यावर फुलवालीच्या घरी गेले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोर्टाचा आदेश तिने जपून ठेवलाय, पण तो तिला कुणी वाचून दाखवलेला नव्हता. जामीन दिवाळीच्या आधीच मंजूर झालाय. खाली लिहिलंय, तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आता काय करू?

---

वकील फोंडा:

तेच ते. म्हणजे महिना केव्हाच उलटून गेला.

सोमवारी आईला घेऊन म्हापसा कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. जामीन होऊन इतका काळ झाला तरी सुटका नाही आणि अट स्थानिक जामीनदाराची आहे, एवढं सांगा. अट सैल करण्याचा अर्ज ते वकील देऊन करवून घेतील, खर्च नाही. आईचं आधार, मुलाचा केस नंबर आणि अटकेची तारीख बरोबर ठेवा. त्याच दिवशी कलम ४७९चं गणितही करायला सांगा.

आदेशाच्या दोन झेरॉक्स काढून न्या. मूळ प्रत कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.